हाताचं दुखणं हाताने तपासायचं : खांद्यापासून बोटांपर्यंत सांध्यांची तपासणी

(नाशिक येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला साधा आहे. हात दुखतो, तर तो तपासायचा कसा? खांद्यापासून बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत आपण आज क्रमाने जाणार आहोत.

हात दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या माणसाच्या पिशवीत बहुधा तीन गोष्टी असतात. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रेचं पाकीट आणि संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. बसल्याबसल्या पहिला प्रश्न येतो, "आरए टेस्ट निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही ना?" किंवा याच्या उलट, "टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता हात वाकडे होणार का?" दोन्ही प्रश्नांना आम्ही एकच उत्तर देतो. आधी बाह्या वर करा, हात टेबलावर ठेवा, मग बोलू.

आपल्या जिल्ह्यात हातावर किती भार आहे ते बघा. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी, मग विरळणी. मांडवाखाली उभं राहून हात खांद्याच्या वर आणि त्यात कात्री. लासलगाव पट्ट्यात उन्हाळ कांदा निघाला की पात कापायला बायका दिवसभर विळा घेऊन बसतात. सातपूर-अंबडला एकच हालचाल शिफ्टभर करणारे कामगार आहेत. आणि घरोघरी लाटणं, धुणं, पिळणं आहेच. त्यामुळे हात दुखला की "काम जास्त झालं" असं आपण म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी ते कामाचं दुखणं नसतं, आणि तेव्हा गेलेले महिने परत येत नाहीत. हा फरक हाताने तपासूनच कळतो. आज आपल्याला समजून घ्यायचंय ते एवढंच.

दुखतं कुठे, बिघडलंय कुठे

हात दुखतो तेव्हा दुखू शकणाऱ्या गोष्टी चार. एक, खुद्द सांधा. दोन, सांध्याभोवतीचा भाग. यात कंडरा येते, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. तीन, नस, म्हणजे मज्जातंतू. आणि चार, दूरची एखादी जागा. मान बिघडते आणि दुखतं दंडात. हृदयाला रक्त कमी पडतं आणि कळ येते डाव्या हातात. पित्ताशयाला सूज येते आणि उजवा खांदा दुखतो.

म्हणून तपासणीच्या आधी दोन-तीन प्रश्न असतात. पहिला, "एका बोटाने दाखवा, कुठे दुखतं?" कंडरेचं दुखणं असेल तर माणूस बोट नेमकं टेकवतो. मानेतून किंवा नसेतून आलेलं असेल तर तळहात फिरवून "हे असं सगळं" म्हणतो. दुसरा प्रश्न, "सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?" पाच-दहा मिनिटांत मोकळे होत असतील तर ती झीज असू शकते. अर्धा तास, तास लागत असेल, पीठ मळायला घेता येत नसेल, तर सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज असण्याची शक्यता वाढते. तिसरा प्रश्न, "काम केल्यावर वाढतं की बसून राहिल्यावर?" झिजेचं दुखणं कामाने वाढतं, विश्रांतीने कमी होतं. सुजेच्या संधिवातात उलटं दिसतं. विश्रांतीनंतर हात जड होतो आणि हालचाल सुरू झाली की थोडं बरं वाटतं.

तीन पायऱ्या : पाहा, चाचपा, हलवा

कुठलाही सांधा असो, क्रम हाच. घाईत लोक थेट हलवायला जातात. तसं केलं की रुग्ण दुखून हात आखडून घेतो आणि पुढचं काहीच नीट कळत नाही.

पाहायचं म्हणजे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. देवाने तुलनेला दुसरा हात दिलाय, त्याचा उपयोग करायचा. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढता येत असेल तर काढायची. निघत नसेल तर तीही माहितीच. "ही अंगठी आधी सहज निघायची, आता दोन महिने निघतच नाही" हे वाक्य आमच्यासाठी फार मोलाचं असतं.

मूठ वळल्यावर चार उंचवटे वर येतात आणि त्यांच्यामध्ये तीन दऱ्या दिसतात. निरोगी हातात या दऱ्या स्पष्ट असतात. सूज आली की आधी दऱ्या भरतात. त्वचा पाहायची, नखं पाहायची. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील तर सोरायसिसची आठवण ठेवायची, कारण त्याचाही एक संधिवात असतो. अंगठ्याखालची गादी पाहायची. एका हाताची गादी चपटी दिसली तर तिथली नस दबून स्नायू वाळलाय का, हे बघावं लागतं.

चाचपायचं म्हणजे आधी बोटांच्या पाठीने उष्णता पाहायची, नंतर दाबायचं. किती दाबायचं? तपासणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतपत. त्याहून जोराने दाबलं तर कुणाचाही हात दुखेल. हाताला काय लागतं त्याला महत्त्व आहे. दगडासारखं घट्ट लागलं तर ते हाड वाढलेलं आहे. मळलेल्या कणकेसारखं मऊ, दाबलं की किंचित दबणारं लागलं तर ते सुजलेलं अस्तर. एकीकडून दाबल्यावर दुसरीकडे टचकन उचललं जात असेल तर आत पाणी आहे.

इथे एक गोष्ट सगळ्या बायकांना लगेच समजेल. कासाराकडे बांगड्या भरताना तो हात कुठे दाबतो? अंगठा आत घेऊन, बोटांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी. आमची एक तपासणी जवळपास त्याच जागेची आहे. चारही बोटांच्या मुळाचे सांधे आडवे, हलकेच दाबायचे. निरोगी हाताला काही होत नाही. सूज असेल तर माणूस कळवळतो. ज्या बाईला बांगड्या भरताना कधी त्रास नव्हता आणि यंदा त्याच मापाच्या बांगड्यांना डोळ्यांत पाणी आलं, तिने आधी हात तपासून घ्यावा.

हलवायचं म्हणजे तीन प्रकारे. आधी रुग्णाने स्वतः हलवायचं. मग हात सैल सोडायला सांगून तपासणाऱ्याने हलवायचं. शेवटी रुग्णाने हलवायचं आणि तपासणाऱ्याने अडवायचं. ब्रिटनचे डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी विसाव्या शतकात ही पद्धत नीट बसवली. नियम साधा आहे. स्वतःला हलवता येत नाही आणि दुसऱ्यालाही हलवता येत नाही, तर बिघाड सांध्यात आहे. स्वतःला येत नाही पण दुसऱ्याने हलवलं की पूर्ण हलतो, तर कंडरा, स्नायू किंवा नस बघा. आणि हालचाल मोकळी आहे, फक्त अडवल्यावर एका जागी कळ येते, तर त्या कंडरेचं दुखणं आहे. आणि कसंही हलवलं, दाबलं तरी नेहमीचं दुखणं उठतच नाही, तर ते दुखणं तिथलं नाही. मान बघा, छाती बघा.

हा नियम लक्षात ठेवून आता एकेक सांधा घेऊ.

खांदा

दोन हालचाली सांगतो, घरी करून बघा. दोन्ही हात डोक्यामागे, कोपरं मागे ताणलेली, केस विंचरताना असतात तशी. मग दोन्ही हात पाठीमागे, जितके वर जातील तितके. या दोन हालचाली दोन्ही बाजूंनी सारख्या आणि न दुखता झाल्या तर खांद्यात मोठा बिघाड असण्याची शक्यता कमी.

हात बाजूने वर नेताना सुरुवातीला काही नाही, साधारण 60 अंशांपासून 120 अंशांपर्यंत दुखतं, आणि त्याच्या वर परत सोपं होतं, असं असेल तर खांद्याच्या छताखालून जाणारी कंडरा घासली जातेय असं समजायचं. मांडवाखाली दिवसभर हात वर ठेवून काम करणाऱ्यांत, घरं रंगवणाऱ्यांत हे दुखणं येतं.

खांदा आखडणं वेगळं. त्याला इंग्रजीत "फ्रोझन शोल्डर" म्हणतात. हे नाव 1934 साली अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी दिलं. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. रुग्णाला जमत नाही, आम्ही वळवायला गेलो तरी वळत नाही, दार अडकावं तसा हात अडकतो. वरचा नियम लावा : दोघांनाही हलत नाही, म्हणजे सांधा. मधुमेह असणाऱ्यांत हे बरंच आढळतं, म्हणून खांदा आखडलेल्या माणसाची साखर तपासलेली नसेल तर तपासतो. हे दुखणं एक ते तीन वर्षं रेंगाळू शकतं, पण बहुतेकांचं बऱ्यापैकी सुटतं. हे आधी सांगितलं की माणूस धीराने व्यायाम करतो.

कोपर

कोपराच्या आत सूज आली की सगळ्यात आधी हात पूर्ण सरळ होणं बंद होतं. म्हणून दोन्ही हात समोर पसरून, तळवे वर करून पाहायचं. एक कोपर किंचित वाकलेलं राहिलं तर लक्ष द्यायचं.

पण कोपराच्या तक्रारींत सांध्यापेक्षा बाहेरच्या हाडाच्या टोकाशी दुखणारेच फार. याचं नाव टेनिस एल्बो. सचिन तेंडुलकरला 2004 साली हेच झालं आणि 2005 च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पोरासोरांना हा शब्द पाठ झाला. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. ओले कपडे पिळणं, पोळ्या लाटणं, पान्याने नट आवळणं, छाटणीची कात्री चालवणं यात तोच स्नायू राबतो. तपासणी सोपी आहे. कोपर सरळ, मूठ वळलेली, मनगट वर उचलायला सांगायचं आणि आपण खाली दाबायचं. कोपराच्या बाहेरच्या टोकाशी नेमकी कळ आली की निदान झालं. सांधा मोकळा हलतो, फक्त अडवल्यावर दुखतं. याला बहुधा एक्स-रे लागत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला मागे एक खोबण आहे. तिथे धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथून जाणारी नस आम्ही बोटाखाली चाचपतो. ती दोरीसारखी जाड लागली, करंगळीकडची संवेदना कमी असली, चटका लागून कळला नाही असं माणूस सांगत असला, तर कुष्ठरोगाचा विचार करावा लागतो. कुष्ठरोगात अधूनमधून हात सुजतात, दुखतात, आणि त्यावर संधिवाताच्या गोळ्या सुरू होतात. हा रोग औषधाने बरा होतो, पण नस एकदा मेली की ती परत मिळणं अवघड.

मनगट आणि अंगठा

मनगटाची तपासणी नमस्काराने सुरू होते. तळवे जोडून कोपरं वर उचला. मग उलटा नमस्कार : हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं खाली. दोन्ही मनगटं सारखी वाकली पाहिजेत.

उलट्या नमस्काराच्या स्थितीत एक मिनिट थांबलं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या आल्या तर मनगटातून जाणारी नस दबतेय अशी शंका घ्यायची. या बाईची तक्रारही ठरलेली असते : "रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं." ती सांगते "सांधे दुखतात", पण सांधे चाचपले तर ठणठणीत असतात. करंगळी यात सहसा सुटते. कुठल्या बोटांत मुंग्या आहेत हे विचारल्यावरच नस कुठली ते कळतं. थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यांतही हे होतं.

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ हलकेच करंगळीकडे झुकवायची. तिथे चरचरून कळ आली तर अंगठ्याच्या कंडरांचं आवरण सुजलंय. स्वित्झर्लंडचे डॉ. फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी 1895 साली याचं वर्णन केलं. बाळंतिणीला हे फार होतं, कारण बाळाला काखेत धरून उचलताना अंगठे ताणले जातात. घरात "बाळंतवात" म्हणतात आणि हात बांधून ठेवतात. खरं तर बाळ उचलायची पद्धत बदलणं, अंगठ्याला काही आठवडे आधारपट्टी लावणं, यानेच पुष्कळांना आराम पडतो.

आणि पडल्यावरचं मनगट. गाडी घसरली, हात टेकला, मनगट दुखतंय, एक्स-रे चांगला आहे. तरीही अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, त्यात दाबून दुखत असेल तर तिथल्या छोट्या हाडाला तडा असू शकतो. हा तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. म्हणून हात आधार देऊन ठेवतात आणि दहा-बारा दिवसांनी परत बघतात.

बोटं : गाठ की सूज

आता मुख्य भागाकडे येऊ. बोटात तीन ठिकाणं लक्षात ठेवा. मुळाचा सांधा, मधला सांधा आणि नखाजवळचा सांधा.

पन्नाशीच्या पुढे नखाजवळच्या सांध्यावर घट्ट गाठी येतात, मधल्या सांध्यावरही येतात. इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच या गाठींची नोंद केली होती. ही झीज आहे, आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. हात दिसायला ओबडधोबड होतो, कधी दुखतो, पण बहुतेक बायका त्याच हाताने घर चालवतात.

आमवात, ज्याला आम्ही रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, तो वेगळ्या जागा धरतो. मनगट, बोटांची मुळं, मधले सांधे, आणि बहुधा दोन्ही हातांत. नखाजवळचा सांधा तो सहसा सोडतो. हाताला लागतं ते घट्ट नसतं, कणकेसारखं असतं. मूठ पूर्ण वळत नाही, बोटांची टोकं तळव्याला टेकत नाहीत. उपचाराविना राहिला तर हळूहळू बोटं करंगळीकडे झुकतात. ती झुकल्यावर निदान कुणीही करेल. पण तोवर अस्तराने हाड आणि कूर्चा खाल्लेली असते, आणि ती आम्ही परत आणून देऊ शकत नाही.

म्हणून वेळेची मर्यादा सांगतात. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशीत म्हटलंय की सांध्याला सूज असलेला माणूस सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाकडे पोहोचावा, आणि रोग टिकेल असं दिसलं तर तीन महिन्यांच्या आत मूळ रोगावरचं औषध सुरू व्हावं. तीन महिने म्हणजे आपल्याकडे काय? "हंगाम संपू दे, मग बघू."

मालेगावचा धडा

प्रत्येक सूज आमवाताची नसते, हेही तितकंच खरं. 2006 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यात मालेगावला तापाची साथ आली. ताप, आणि मनगटं, बोटं, घोटे असे धरले की माणूस उठताना वाकून उठायचा. तो चिकुनगुन्या होता. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थच वाकवणारा. 1952-53 साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, हा रोग प्रथम ओळखला गेला. महाराष्ट्रात 1973 मध्ये बार्शीला साथ होऊन गेली होती. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ तो जवळजवळ विसरला गेला आणि मग परत आला.

या तापात दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. नुसतं पाहिलं तर आमवातच वाटावा. फरक काळाचा आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं, पण काहींचं महिनोन् महिने राहतं. म्हणून हात एकदा तपासून भागत नाही. कुठले सांधे सुजलेत ते कागदावर मांडायचं, काही आठवड्यांनी परत तेच सांधे चाचपायचे. उतरतंय का? चांगलं. तेच सांधे तसेच आहेत, नवीन धरलेत? मग "तापाचं आहे, जाईल" म्हणून सोडून द्यायचं नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडे अजूनही असे रुग्ण येतात, तेव्हा हा धडा कामाचा आहे.

मग रिपोर्टचं काय

2010 साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून आमवात ठरवण्याचे निकष ठरवले. त्यात रक्ताची तपासणी आहेच. पण दाराशी अट अशी की तपासणीत निदान एका सांध्याला निश्चित सूज सापडली पाहिजे, आणि तिला दुसरं कारण नसलं पाहिजे. ही अट पुरी झाली तरच गुण मोजायचे. एकूण 10 गुण. त्यातले 5 पर्यंत गुण कुठले आणि किती सांधे धरलेत यावर मिळतात. आरए फॅक्टर आणि त्याच्या जोडीच्या अँटी-सीसीपी तपासणीला मिळून जास्तीत जास्त 3. ईएसआर, सीआरपीला 1. सहा आठवड्यांच्या मुदतीला 1. सहा गुण झाले की आमवात म्हणायचं. म्हणजे निम्मे गुण हात तपासण्याला आहेत.

आपल्या महाराष्ट्रातच याचं मोठं काम झालंय. पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघरी पाहणी केली. आधी प्रत्येकाला दुखण्याबद्दल विचारायचं आणि दुखतं म्हणणाऱ्याला डॉक्टरांनी तपासायचं. प्रौढांपैकी साधारण 18 टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. आमवात मात्र साधारण अर्ध्या टक्क्याला. हे दोन आकडे शेजारी ठेवा. दुखणारे पुष्कळ, त्यातला आमवात थोड्यांना. सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या तर खर्च होईल आणि घबराट वाढेल. कुणाच्याच हाताला हात लावला नाही तर ते थोडे सुटून जातील. गाळणी म्हणून सगळ्यात स्वस्त आणि जवळची गोष्ट तपासणीच आहे.

इथे थांबायचं नाही

काही दुखणी त्याच दिवशी दाखवायची असतात.

एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म झाला, जराही हलवू देत नाही, सोबत ताप आहे, तर सांध्यात पू झाला असण्याची शक्यता असते. सुईने पाणी काढून तपासावं लागतं. शेक, मालिश करत बसू नये.

डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, छातीत दडपण, घाम, दम. हात हलवल्याने काहीच फरक पडत नाही. 108 ला फोन करायचा. मालिश नको, ॲसिडिटीची गोळी नको.

हातातून कप निसटतोय, बटण लागत नाही, बधिरपणा वाढतोय, तर नस दबतेय. आणि पडल्यानंतर हात वाकडा दिसत असेल तर अर्थातच.

बाकीच्यांसाठी एवढंच : एक किंवा जास्त सांध्यांना दिसणारी सूज, सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडणं, बोटांची मुळं दाबल्यावर कळ. या तिन्हींपैकी काही महिनाभर टिकलं तर हात तपासून घ्या. जाताना एक काम करा. सूज सकाळी जास्त असते आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत उतरते. म्हणून सकाळी उठल्याउठल्या दोन्ही हातांचा एक फोटो काढा, मूठ वळलेला आणि बोटं पसरलेला. आणि आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, इंजेक्शनं सांगा. नाव माहीत नसलेल्या औषधाने दोन दिवसांत सूज पार उतरली असेल तर त्यात स्टिरॉइड असू शकतं. त्याने तपासणीचं चित्र पुसलं जातं, आतला रोग चालूच राहतो.

श्रोत्यांचे प्रश्न

आरए टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पण हात कधी सुजला नाही. औषध घ्यायचं का?

सूज नसेल तर नुसत्या रिपोर्टवर आमवात म्हणत नाहीत. निरोगी माणसांत, विशेषतः वय झाल्यावर, आणि काही जंतुसंसर्गांतही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते. एकदा हात नीट तपासून घ्या आणि कधी सूज आली तर लगेच या. उलट बाजूही ऐका. काही आमवाताच्या रुग्णांची टेस्ट कायम निगेटिव्हच असते.

युरिक ॲसिड थोडं वाढलंय. बोटं त्यानेच दुखतात का?

युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट होत नाही. गाऊट एकदम येतो, रात्रीत सांधा लाल होतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही, आणि सुरुवात बहुधा पायाच्या अंगठ्यापासून होते. सहा महिने रोज थोडी थोडी बोटं दुखणं ही त्याची चाल नाही. तुमच्या बोटांना दुसरं कारण शोधायला हवं.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का? आजी ओरडते.

अमेरिकेतल्या डॉनल्ड अंगर या डॉक्टरांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि मग दोन्ही हात ताडून पाहिले. संधिवात कुठेच नव्हता. त्यांना 2009 चं इग नोबेल मिळालं. एका माणसावरून नियम होत नाही, पण बोटं मोडल्याने संधिवात होतो याला पुरावा नाही. तरी आजीसमोर मोडू नका.

व्हिडिओ कॉलवर ही तपासणी होते का?

दोन पायऱ्या बऱ्याच अंशी होतात. पाहणं, आणि तुम्ही स्वतः हलवून दाखवणं. चाचपणं होत नाही. गाठ घट्ट आहे की कणकेसारखी, हे पडद्यावरून कळत नाही, आणि आमवाताचा फैसला तिथेच होतो. म्हणून कॉलवर बोलणं सुरू करा, पण एकदा तरी हात घेऊन समोर या.

सासूबाईंची बोटं आधीच वाकडी झालीत. आता दाखवून उपयोग काय?

आहे. वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत, हे खरं. पण रोग अजून जागा आहे का, हे चाचपून कळतं. जागा असेल तर उरलेले सांधे वाचवता येतात. तेच मनगट, तोच खांदा, त्यांच्यावरच त्या उद्या कप उचलणार आहेत आणि केस विंचरणार आहेत. त्यांना घेऊन या, आणि मेथोट्रेक्सेटसारखं औषध दिलं तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा : ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.